टोपीतल्या चिठ्ठ्या : ‘कंपास’मधले मानवी हक्कांचे खेळ गावात खेळून पाहिले

घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावात मी वाचनालय सांभाळते. ग्रामपंचायतीची जुनी खोली, दोन कपाटं, एक मोठी सतरंजी. रोज संध्याकाळी पाच ते सात. सहावी ते दहावीची पोरं-पोरी येतात. दिवाळी झाली की निम्मी दिसत नाहीत, कारण वावरात कापूस फुटलेला असतो आणि वेचणीला हात कमी पडतात.

मला या मुलांशी हक्कांबद्दल बोलायचं होतं. संविधानाची उद्देशिका त्यांना पाठ आहे, बालभारतीच्या पुस्तकात सुरुवातीलाच छापलेली असते. एका दमात म्हणूनही दाखवतात. पण ‘दर्जाची व संधीची समानता’ म्हणजे तुझ्या गल्लीत काय, असं विचारलं की माना खाली जातात. भीमनगरातल्या दोघा-तिघांना कलम १७ माहीत होतं, अस्पृश्यता नष्ट केली आहे असं त्यांनी सांगितलं, कारण त्यांच्या घरी चौदा एप्रिलला त्यावर बोललं जातं. बाकीच्यांसाठी हक्क हा नागरिकशास्त्रात चार मार्कांना येणारा शब्द होता.

म्हणून ‘कंपास’ घेतलं. युरोपातल्या देशांची ‘काउन्सिल ऑफ युरोप’ नावाची संघटना आहे, तिने तरुणांना मानवी हक्क शिकवण्यासाठी हे जाडजूड पुस्तक २००२ साली काढलं आणि २०१२ मध्ये पूर्ण सुधारून पुन्हा काढलं. सात ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी ‘कंपासितो’ नावाचं त्याचं धाकटं भावंडही आहे. दोन्ही इंटरनेटवर फुकट मिळतात. पुस्तक चारशेच्या वर पानांचं आहे, ते सगळं छापायची गरज नाही. मी तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडून निवडक २६ पानं काढली, दोन रुपये पान. चिठ्ठ्यांसाठी चार जाड ड्रॉइंग पेपर, पंधराचा एक. बालहक्कांचं एक रंगीत पोस्टर पन्नास रुपयांत. एकूण १६२ रुपये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, नऊ रविवार आम्ही हेच केलं. कधी अकरा मुलं, कधी चोवीस.

पुस्तकाची मांडणी मला आवडली. प्रत्येक खेळाला १ ते ४ अशी कठीणपणाची पायरी दिली आहे, किती मुलं हवीत, किती वेळ, काय सामान लागेल ते वर चौकटीत. खेळ झाल्यावर मुलांना काय विचारायचं तेही लिहिलेलं आहे. माझ्यासारख्या प्रशिक्षण न घेतलेल्या बाईला त्या शेवटच्या प्रश्नांचाच खरा आधार झाला. खेळ कोणीही घेईल, त्यानंतर काय बोलायचं ते सुचत नाही.

पहिल्या रविवारी सोपा खेळ घेतला : एकाने हक्काचं चित्र काढायचं, बोलायचं नाही, गटाने ओळखायचं. तासभर खोली दणाणून गेली. ‘शिक्षणाचा हक्क’ दोन मिनिटांत ओळखला. ‘मत मांडण्याचा हक्क’ कोणालाच काढता येईना. शेवटी नववीतल्या एका पोराने तोंडावर बोट ठेवलेला मुलगा काढला आणि त्यावर फुली मारली. ते चित्र अजून भिंतीवर आहे.

त्यानंतर मी मानवी हक्कांचा जाहीरनामा वाचायला काढला. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांनी तो मंजूर केला, ३० कलमं. मराठी भाषांतरही सहज मिळतं. पण पहिल्याच कलमात ‘सदसद्विवेकबुद्धि’ हा शब्द येतो आणि तिथे सहावीची पोर अडखळली ती अडखळलीच. तीन वेळा म्हणून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी अर्थ सांगणार तोवर मागून आवाज आला, ‘‘काही चुकीचं केलं तं मन खाते ना आपलं, थे.’’ यापेक्षा नेमका अर्थ मला सांगता आला नसता. भाषांतराबद्दल माझी तक्रार एवढीच आहे की ते कचेरीच्या भाषेत आहे, मुलांच्या हातात जसंच्या तसं देऊ नका. एकेक कलम त्यांच्याच बोलीत लिहायला सांगा. आम्ही तीसपैकी बारा लिहिली, तेवढ्यात तीन रविवार गेले, आणि त्यातला एकही रविवार वाया गेला असं मला वाटत नाही.

मुलींना हंसा मेहतांची गोष्ट सांगितली तेव्हा त्या सरसावून बसल्या. जाहीरनाम्याच्या मसुद्यात आधी ‘ऑल मेन’ होतं, म्हणजे सगळे पुरुष. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांनी आग्रह धरला आणि ते ‘ऑल ह्युमन बीइंग्ज’, म्हणजे सगळी माणसं, असं झालं. दहावीतली एक म्हणाली, ‘‘म्हंजे आपल्यातल्याच बाईनं सुधरवलं थे.’’ मग तिने आमच्या वाचनालयाच्या नियमावलीतलं ‘विद्यार्थ्याने आपली पुस्तके’ खोडून ‘विद्यार्थ्यांनी आपापली’ केलं. ती नियमावली मीच लिहिलेली आहे. तिने केलेली दुरुस्ती तशीच ठेवली.

आता ज्या खेळासाठी मी हे लिहायला बसले तो. ‘एक पाऊल पुढे’. टोपीत चिठ्ठ्या घालायच्या, पुस्तकात टोपीच सांगितली आहे, आम्ही सासऱ्यांची पांढरी टोपी घेतली. प्रत्येकाने एक चिठ्ठी काढायची, कोणाला दाखवायची नाही. चिठ्ठीवर एक माणूस असतो. हळू संगीत लावून मुलांना त्या माणसाच्या आयुष्यात जायला सांगायचं : तुझं लहानपण कसं गेलं, घर कसं आहे, काय खेळायचास, महिन्याला किती पैसे मिळतात, भीती कशाची वाटते. मग सगळ्यांनी एका ओळीत उभं राहायचं. आपण एकेक वाक्य म्हणायचं, ते आपल्या चिठ्ठीवरच्या माणसाला लागू असेल तर एक पाऊल पुढे, नसेल तर जागीच. शेवटी कोण कुठे उभं आहे ते बघायचं आणि मगच चिठ्ठ्या उघडायच्या.

पहिल्यांदा मी पुस्तकातल्याच चिठ्ठ्या भाषांतर करून घेतल्या. तिथे प्राथमिक शाळाही पूर्ण न केलेली सतरा वर्षांची रोमा मुलगी आहे, मालीहून आलेला कागदपत्रं नसलेला माणूस आहे, आफ्रिकी वंशाची फॅशन मॉडेल आहे, बँक मॅनेजरची मुलगी आहे. खेळ बसला नाही. पोरं त्या माणसांना सिनेमातल्यासारखी वठवायला लागली, मॉडेलच्या चिठ्ठीवर तर दहा मिनिटं हसणंच चाललं. एकच चांगली गोष्ट घडली. एकाने विचारलं, ‘‘ताई, रोमा म्हंजे कोन?’’ मी सांगितलं, युरोपात पूर्वी भटकं जीवन जगणारे लोक, आजही पुष्कळ ठिकाणी गावकुसाबाहेर राहतात, चोरी झाली की आधी संशय त्यांच्यावर. तो म्हणाला, ‘‘म्हंजे आपल्या बेड्यावरच्या लोकाईसारखं.’’ बेडा म्हणजे पारध्यांची वस्ती. त्यावर कोणी हसलं नाही.

तिथून मला कळलं की चिठ्ठ्या आपल्या लिहाव्या लागतील. पुस्तकही आपल्या परिस्थितीप्रमाणे बदल करा असंच सांगतं, मी ते वाचून सोडून दिलं होतं. पुढच्या रविवारी मुलांसोबत बसून चोवीस लिहिल्या. सरपंचाची मुलगी. कोलाम पोडावरचा, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरचा, नववीतला मुलगा, ज्याची शाळा सहा किलोमीटरवर आहे. पारधी बेड्यावरची मुलगी. तांड्यावरची बारावी झालेली, लग्न ठरलेली मुलगी. कृषी केंद्रवाल्याचा मुलगा. सालदाराचा मुलगा. तीनचाकी सायकलवर फिरणारा मुलगा. नवरा गेल्यावर मक्त्याने शेती करणारी बाई. फवारणीला रोजाने जाणारा सोळा वर्षांचा पोरगा. ही शेवटची मुलांनीच सुचवली. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली, ते या मुलांनी लहानपणी घराघरांत ऐकलं आहे.

वाक्यंही बदलली. पुस्तकात ‘वर्षातून एकदा सुटीला बाहेर जाता येतं’ असं आहे, आम्ही ‘उन्हाळ्यात मामाच्या गावाला जाता येतं’ केलं. ‘रात्री आठला एकट्याने बसस्टँडवरून घरी येता येतं.’ ‘वेचणीसाठी शाळा बुडत नाही.’ ‘चहाच्या टपरीवर सगळ्यांच्याच कपात चहा मिळतो.’ ‘ग्रामसभेत बोललं तर ऐकून घेतात.’ ‘घरातल्या निर्णयात तुमचं मत विचारतात.’ ‘दुखलं-खुपलं तर दवाखान्यात जायची सोय आहे.’ ‘खेळायला वेळ मिळतो.’ अशी चौदा.

वाचनालयासमोरच्या मोकळ्या जागेत घेतलं. चौदा वाक्यं संपली तेव्हा सरपंचाची मुलगी आणि कृषी केंद्रवाला पुढे होते, पोडावरचा आणि बेड्यावरची अगदी मागे. आणि सगळ्यांच्या पुढे, तेरा पावलांवर, सातवीतली एक मुलगी. तिने चिठ्ठी उघडली : आई-बाप वीटभट्टीवर गेले आहेत, तू आजीजवळ राहतेस, लहान भावाला तूच सांभाळतेस.

पोरं ओरडली, ‘‘ताई, इनं चुकीचं केलं! इनं मांगं रायला पायजे होतं.’’

मला घाम फुटला, कारण ते तिचंच आयुष्य होतं. तिचे आई-बाप दिवाळीनंतर शेजारच्या तालुक्यात भट्टीवर जातात ते पाऊस लागेपर्यंत येत नाहीत. चिठ्ठी लिहिताना माझ्या हे ध्यानातच आलं नाही. गावातल्या किती घरांचं तेच आहे, म्हणून लिहिली, आणि नेमकी तिच्याच हाती आली.

ती मात्र शांत होती. म्हणाली, ‘‘चुकीचं काहून? घरी मलेच इचारतात सगळे. किराण्याचे पैसे माह्याजवळ रायतेत. भावाले ताप आलता तं मीच नेलं दवाखान्यात. बोलली मी तं आजी आयकते.’’ मग थोडं थांबून, ‘‘एकाच जागी थांबली मी. खेळाच्या.’’

यावर पुस्तकात उत्तर नाही. खेळाची रचना अशी आहे की ज्याच्याकडे कमी तो मागे. तिने कमी काय ते मोजलंच नाही, ती जे निभावते ते मोजलं. आणि तरीही एका ठिकाणी ती अडली, ते तिला स्वतःला ठाऊक होतं. बारा वर्षांच्या मुलीने घराचा किराणा बघावा यात मला अभिमान वाटावा की वाईट, हे त्या दिवशी ठरेना. मुलांना मी एवढंच विचारलं की ती जे करते ते करायला ती लहान आहे की मोठी. अर्धा तास ती चर्चा चालली. एरवी गप्प बसणारा सालदाराचा मुलगा म्हणाला, ‘‘थे करते म्हून तिले करा लावनं बरोबर नाही ना.’’

इथे एक सांगते, जो कोणी हा खेळ घेईल त्याच्यासाठी. टोपीत चार-पाच कोऱ्या किंवा साध्या चिठ्ठ्या जास्तीच्या ठेवा आणि आधीच सांगा की चिठ्ठी नको वाटली तर न विचारता बदलून घ्या. आणि खेळ संपल्यावर त्या माणसातून बाहेर यायला वेळ द्या. आम्ही चिठ्ठ्या टोपीत परत टाकतो आणि प्रत्येकजण आपलं नाव मोठ्याने सांगतो. हे घाईत उरकू नका. पुस्तकात दिलेल्या वेळात आमचा हा खेळ कधीच झाला नाही, दीड तास धरा.

भट्टीचा विषय निघालाच होता म्हणून पुढच्या रविवारी पुस्तकातलीच आशिकची गोष्ट घेतली. अकरा वर्षांचा, पाकिस्तानातल्या वीटभट्टीवर राबणारा मुलगा, कर्जापायी सगळं घर कामाला जुंपलेलं. ही एक गोष्ट बदलावी लागली नाही. पोरांना ती मराठवाड्यातली किंवा आमच्याच तालुक्यातली वाटली, देश कुठला ते कोणी विचारलंही नाही. त्यावरून कायद्यावर आलो. आठवीतला एकजण म्हणाला, ‘‘मंग आमच्या वावरात मी वेचतो, थे बी गुन्हा हाय का?’’ प्रश्न खरा होता. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवता येत नाही, पण शाळा सुटल्यावर किंवा सुटीत घरच्या, धोका नसलेल्या कामात मदत करायची मुभा आहे. मी ते तसंच सांगितलं. म्हणजे रविवारी स्वतःच्या वावरात चालेल, शाळा बुडवून दुसऱ्याच्या वावरात दहा रुपये किलोने नाही. तो हिशेब करत बसला. त्याचं नेमकं उलट चालू होतं.

पोस्टरबद्दल थोडं. युनिसेफने बालहक्क कराराची मुलांना समजेल अशी मांडणी काढली आहे, प्रत्येक कलमाला छोटं चिन्ह. करार २० नोव्हेंबर १९८९ चा, एकूण ५४ कलमं, भारत त्यात डिसेंबर १९९२ मध्ये सामील झाला. चिन्हं छान आहेत, सहावीच्या मुलांनाही अंदाज बांधता येतो. मी कागदाच्या पट्ट्यांनी शब्द झाकले आणि नुसत्या चिन्हांवरून ओळखायला लावलं. ३१ वं कलम उघडलं तेव्हा, विश्रांतीचा आणि खेळण्याचा हक्क, एकदम शांतता झाली. ‘‘आराम बी हक्क हाय?’’ सातवीतल्या त्या मुलीकडे दोघा-तिघांनी वळून पाहिलं. तिने पट्टी काढली, नीट घडी केली आणि पोस्टरजवळच उभी राहिली.

त्याच करारात ४२ वं कलम आहे : हे हक्क मोठ्यांना आणि मुलांना, दोघांनाही माहीत करून देणं हे सरकारचं काम आहे. मोठ्यांनाही. हे मी पालकांना दाखवलं, कारण चौथ्या रविवारनंतर दोन घरांतून निरोप आला होता की पोरं उलटं बोलायला लागली आहेत. एक आई स्वतः आली. तिला मी मुलाने लिहिलेलं कलम वाचायला दिलं. ती म्हणाली, ‘‘मलेबी कोनी सांगतलं नाही हे.’’ पुढच्या रविवारी ती मागे सतरंजीवर बसली. पालकांसाठी निदान एक बैठक आधीच घ्या, हे मला उशिरा सुचलं.

हक्कांचं शिक्षण हक्कांबद्दल, हक्कांमधून आणि हक्कांसाठी असावं, असं संयुक्त राष्ट्रांचा २०११ चा जाहीरनामा म्हणतो. तिसरा भाग आम्ही फार जपून केला. मुलांनी गावातली एकच गोष्ट निवडायची, जी त्यांना बदलावीशी वाटते. वाद झाला, मतदान झालं. मुलींनी ठरवलेली गोष्ट जिंकली : एका शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नव्हती, एक मैत्रीण दाराला पाठ लावून उभी राहायची. मुलांनी अर्ज लिहिला, ग्रामपंचायतीत दिला, पोच घेतली. पोच घ्यायची असते हे त्यांना माहीत नव्हतं, आता तालुकाभर सांगत फिरतील. अकराव्या दिवशी कडी बसली. पाण्याची टाकी त्याच अर्जात होती, ती अजून नाही. मुलांनी दुसरा अर्ज दिला आहे, त्याचीही पोच माझ्या कपाटात आहे.

आता उणिवा. मला हे पुस्तक इंग्रजीत वाचावं लागलं, आणि ज्यांच्या हाती ते पडायला हवं त्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना, अंगणवाडीताईंना, गावच्या पोरांना चारशे इंग्रजी पानं चाळायला वेळ नाही. उदाहरणं बहुतेक युरोपची. जातीसारखी गोष्ट त्यात आमच्या अंगाने येत नाही, ती चहाच्या कपाच्या वाक्यासारखी आपण घालावी लागते. आणि मूल खेळात काही घरचं सांगून गेलं तर पुढे कुठे जायचं, ते त्या-त्या गावाचं असल्यामुळे आपणच तयार ठेवावं लागतं. आम्ही पोस्टरच्या खाली मोठ्या अक्षरात १०९८ लिहिलं आहे, मुलांसाठीचा चोवीस तासांचा फुकट फोन. त्याच्याजवळ आशाताईचं घर कुठलं तेही. हे पहिल्या रविवारी करा, सहाव्या नाही.

पाचपैकी चार देईन. एक कमी भाषेसाठी. पण नुसतं छापून घेऊन १० डिसेंबरला एक तास उरकणार असाल तर घेऊच नका, त्यापेक्षा मुलांना त्या दिवशी खेळू द्या.

सातवीतली ती मुलगी आता रविवारी भावाला घेऊनच येते. पहिला अर्धा तास बाकीची पाळीपाळीने त्याच्याकडे बघतात, वहीत नावं लावलेली आहेत, आणि ती बाहेर लंगडी खेळते. हे मी ठरवलेलं नाही.

यंदा जुलैतच सुरू करणार आहे, कापूस फुटायच्या आत. आमच्या चोवीस चिठ्ठ्या आणि चौदा वाक्यं कोणाला हवी असतील तर वाचनालयातून घेऊन झेरॉक्स काढा, परत आणून द्या. त्यातल्या निदान दहा चिठ्ठ्या बाजूला काढून तुमच्या गावच्या तुमच्याच मुलांकडून लिहून घ्या. रविवारी पाच वाजता आम्ही असतो.